वाचकांचे प्रश्न : स्पीकरला साजेसा रिसीव्हर कसा निवडावा?

प्रश्न : आमचा दिवाणखाना १८ फूट लांब आणि १२ फूट रुंद असून सोफा पुढच्या स्पीकरांपासून सुमारे १० फुटांवर आहे. पुढचे दोन उभे स्पीकर जुने, पण उत्तम स्थितीत आहेत; त्यांच्या पाठीवर ‘४ ओहम, ८७ डेसिबल’ (अनुक्रमे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध आणि आवाजाची पातळी) असे छापलेले आहे. मधला आणि मागचे दोन लहान स्पीकर ८ ओहमचे आहेत. सबवूफर (फक्त खर्जाचा आवाज देणारा स्पीकर) नाही. रिसीव्हर, म्हणजे आवाज वाढवून सर्व स्पीकरांना वाटून देणारे यंत्र, घेण्यासाठी एकूण ७०,००० रुपये बाजूला काढले आहेत. एका दुकानदाराने ‘१५० वॅट, ७.२’ (सात स्पीकर आणि दोन सबवूफर जोडण्याची सोय) असा रिसीव्हर सुचवला, तर दुसऱ्याने जवळपास त्याच किमतीत ८० वॅटचा दाखवला. ४ ओहमच्या स्पीकरमुळे रिसीव्हर जळतो, असेही ऐकले. कोणता घ्यावा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खोक्यावरचे १५० आणि ८० हे आकडे एकाच मापाने मोजलेले असतील, असे गृहीत धरू नये. एकच रिसीव्हर ‘८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल एकाच वेळी चालू, ०.०८ टक्के डिस्टॉर्शन’ (चॅनेल म्हणजे एका स्पीकरसाठीचा आवाजाचा मार्ग, डिस्टॉर्शन म्हणजे आवाजातील विकृती) या अटींवर ८० वॅटचा ठरतो आणि ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन’ या अटींवर १५० वॅटच्या आसपास सहज पोहोचतो. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे स्पष्टपणे फाटलेला आवाज; तो ऐकण्यासाठी कोणी रिसीव्हर विकत घेत नाही. त्यामुळे माहितीपत्रकातील तांत्रिक तपशिलाचे पान मागून घ्यावे आणि तुलना पहिल्या प्रकारच्या आकड्यांचीच करावी. पत्रक मिळत नसेल, तर दोन्ही यंत्रे हातांनी उचलून पाहावीत. पारंपरिक बांधणीच्या रिसीव्हरच्या वजनात मोठा वाटा ट्रान्सफॉर्मरचा आणि हीटसिंकचा (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाचा) असतो, त्यामुळे आठ किलोच्या यंत्राने बारा किलोच्या यंत्राइतका विद्युतप्रवाह पुरवावा ही अपेक्षा, वॅट कितीही छापलेले असले तरी, फोल ठरते.

आता आपल्या स्पीकरांचा हिशेब पाहू, कारण निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. स्पीकरवर छापलेले डेसिबल बहुधा २.८३ व्होल्ट देऊन एक मीटर अंतरावर मोजलेले असतात. ८ ओहमच्या स्पीकरला एवढा विद्युतदाब दिला की १ वॅट खर्च होतो, ४ ओहमच्या स्पीकरला मात्र २ वॅट लागतात. वॅट दुप्पट झाले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे आपल्या स्पीकरांची १ वॅटमागची खरी क्षमता ८४ डेसिबलच धरावी लागेल. मोकळ्या मैदानात तीन मीटरवर आवाज साडेनऊ डेसिबलने उतरला असता, पण बंद खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाची भर पडत असल्याने ही घट ६ डेसिबलच्या आसपास धरायला हरकत नाही. थोडक्यात, सोफ्यावर बसलेल्या माणसापर्यंत एका स्पीकरमधून १ वॅटमागे ७८ डेसिबल पोहोचतील.

चित्रपटातील संवाद घरात आपण साधारण ६८ डेसिबलच्या आसपास ऐकतो आणि त्यासाठी एक दशांश वॅट पुरतो. स्फोट किंवा नगाऱ्याचा ठोका ९५ डेसिबलपर्यंत जाऊ द्यायचा असेल, तर त्या क्षणापुरते ५० वॅट लागतात. चित्रपटगृहात मुख्य चॅनेलचा कमाल आवाज १०५ डेसिबल धरलेला असतो. तेवढा हवा असल्यास याच स्पीकरांना ५०० वॅट द्यावे लागतील, जे या किमतीत कोणताही रिसीव्हर देणार नाही, मग त्यावर ८० लिहिलेले असो वा १५०. आपल्या दिवाणखान्यात ९५ डेसिबल पुरेसे आहेत, शेजाऱ्यांनाही.

तेव्हा आपल्यापुढचा खरा प्रश्न वॅटचा नसून ४ ओहमचा आहे. त्याच व्होल्टला ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट प्रवाह ओढतो. तो पुरवताना रिसीव्हर तापतो आणि बहुतेक वेळा जळण्याआधी स्वतःहून बंद पडतो. तरीही असे वारंवार होऊ देणे चांगले नाही. पुस्तिकेत पुढच्या चॅनेलसाठी ४ ओहमला स्पष्ट परवानगी असेल असाच रिसीव्हर निवडावा. काही रिसीव्हरांच्या मेनूत ओहम बदलण्याची सोय असते. ती कमी ओहमवर नेली की यंत्र आतला व्होल्टेज उतरवते. उष्णता घटते, पण अचानक येणाऱ्या मोठ्या आवाजासाठी लागणारा जोरही घटतो. यंत्र तापून बंद पडत नसेल, तर त्या सोयीला हात लावण्याचे कारण नाही.

यावर सर्वांत चांगला उपाय सबवूफर हाच आहे. म्हणून संपूर्ण ७०,००० रुपये रिसीव्हरवर खर्च करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. रिसीव्हर ४५,००० रुपयांच्या आत बसवून उरलेल्या रकमेत स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला सबवूफर घ्यावा. मेनूत सर्व स्पीकर ‘स्मॉल’ करून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवला की त्याखालचा, सर्वाधिक ताकद खाणारा खर्ज सबवूफरकडे जातो आणि रिसीव्हरवरचा भार पुष्कळ हलका होतो. सबवूफर नसेल, तर तोच खर्ज आपल्या ४ ओहमच्या जोडीवर येऊन पडतो.

चॅनेल किती असावेत, याचा निर्णय छतावरून करावा. अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणारी पद्धत, हिच्या ५.१.२ मांडणीसाठी (पाच स्पीकर, एक सबवूफर आणि वरचे दोन स्पीकर) सात अॅम्प्लिफायर लागतात. वर स्पीकर बसवून तारा नेण्याची सोय नसेल, तर पाच पुरतात. किमतीत बसत असेल तर दोन जास्तीच्या चॅनेलपेक्षा पुढच्या जोडीसाठी प्री-आउट (बाहेरच्या अॅम्प्लिफायरकडे आवाज नेणारी जोडणी) असलेला रिसीव्हर मी पसंत करेन, कारण पुढे कधी वेगळा पॉवर अॅम्प्लिफायर जोडून ४ ओहमचा प्रश्न कायमचा सोडवता येतो. टीव्हीला ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय तारेतून रिसीव्हरकडे पाठवण्याची सोय) असल्यास रिसीव्हरलाही असावे.

रिसीव्हरसोबत येणारा मायक्रोफोन वापरून खोलीची मोजणी अवश्य करावी. तो हातात न धरता बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर स्टँडवर ठेवावा आणि पंखा, एसी व फ्रिज तेवढ्यापुरते बंद करावेत. मोजणीनंतर बरेच रिसीव्हर उभ्या स्पीकरांना परस्पर ‘लार्ज’ ठरवतात. ते पुन्हा ‘स्मॉल’ करावे, नाहीतर सबवूफर घेतल्याचा निम्मा फायदा वाया जातो.

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीहून येत असून तिकडे रिसीव्हर स्वस्त मिळतो. आणावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्याच्या पाठीवर ‘१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ’ एवढेच लिहिलेले असेल, तर आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तो थेट लावल्यास निकामी होईल. किमान १,००० व्हीए क्षमतेचा, व्होल्ट उतरवणारा चांगला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, तो सतत जवळ ठेवावा लागेल आणि त्याचा गुंजारव शांत प्रसंगात ऐकू येऊ शकतो. तिकडची वॉरंटी सहसा इथे चालत नाही. शिवाय अमेरिकेसाठी बनवलेला ट्यूनर एफएमवर ०.२ मेगाहर्ट्झच्या टप्प्यांनी सरकतो, त्यामुळे १००.९ नंतर थेट १०१.१ येते आणि आकाशवाणी पुण्याचे १०१ त्या दोहोंच्या मधे राहते. किमतीतला फरक ट्रान्सफॉर्मर, सामानाचे वजन आणि सीमाशुल्क धरूनही मोठा उरत असेल, तरच विचार करावा. स्पीकरांना मात्र व्होल्टची अडचण येत नाही. लहान बुकशेल्फ जोडी आणण्यास हरकत नाही.