चाचणीत ‘ई४’ आले, म्हणजे स्मृतिभ्रंश होणारच का?

प्रश्न : माझे वय ५६ वर्षे आहे. आईला पंचाहत्तरीनंतर अल्झायमर झाला. मुलीने घरी मागवलेल्या लाळेच्या चाचणीत माझ्या नावापुढे ‘एपीओई ई३/ई४, धोका वाढलेला’ असे आले. तीच माहिती दुसऱ्या संकेतस्थळावर तपासली असता ‘प्रेसेनिलिन-१’ जनुकात घातक बदल असल्याचेही कळले. आता चष्मा सापडला नाही तरी धडकी भरते. मला हा आजार होणारच का? मुलीनेही चाचणी करावी का?

उत्तर : तुमच्या हाती आलेल्या दोन निष्कर्षांचे वजन सारखे नाही, म्हणून ते आधी वेगळे करू. एपीओई हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर असते. त्याची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते, आणि ई२, ई३, ई४ हे प्रकार त्यातील केवळ दोन जागांवरील डीएनएच्या अक्षरांवरून ठरतात. ई४ आणि अल्झायमर यांचा संबंध १९९३ मध्ये पुढे आला. दोन्ही प्रती ई३ असणाऱ्यांच्या तुलनेत एक ई४ असणाऱ्यांचा धोका साधारण दोन ते तीन पट, तर दोन ई४ असणाऱ्यांचा आठ ते बारा पट मानला जातो. परंतु हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांतून आले असून इतर वंशांत ते कमीजास्त होतात. शिवाय ‘पट’ या शब्दाने जितकी भीती वाटते, तितका मूळ धोका मोठा असतोच असे नाही. ई४ असूनही आजार न झालेले लोक पुष्कळ आहेत आणि ई४ नसताना आजारी पडलेलेही पुष्कळ. तेव्हा ‘होणारच’ असे म्हणता येत नाही, आणि ई४ आले नसते तरी तुम्हाला निर्धास्त राहा असे सांगता आले नसते.

प्रेसेनिलिनमधील घातक बदलामुळे होणारा अल्झायमर अत्यंत दुर्मीळ असून तो बहुधा पासष्टीच्या आत, पिढ्यान्पिढ्या दिसतो. आईचे वय पाहता हे चित्र तुमच्या घराला जुळत नाही. घरगुती चाचण्यांच्या कच्च्या माहितीत दुर्मीळ बदल चुकीचे वाचले जाण्याचे प्रमाण लक्षणीय असते. २०१८ च्या एका अभ्यासात अशा माहितीवरून फेरतपासणीसाठी आलेल्या बदलांपैकी ४० टक्के खोटे निघाले. वैद्यकीय प्रयोगशाळेत खातरजमा होईपर्यंत हा निष्कर्ष खरा धरू नका, आणि ती तपासणी जनुकीय समुपदेशकाच्या सल्ल्यानेच करून घ्या.

राहिला चष्मा. ही चाचणी आजच्या स्मरणशक्तीविषयी काहीच सांगत नाही. ओळखीचा रस्ता चुकणे, पैशांच्या नेहमीच्या व्यवहारात गोंधळ होणे आणि हा बदल घरच्यांनाही जाणवणे, असे काही असेल तर मात्र मेंदूविकारतज्ज्ञांना भेटावे. रक्तदाब, मधुमेह, कमी झालेले ऐकू येणे, धूम्रपान यांकडे लक्ष देणे ई४ असो वा नसो उपयोगाचेच आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण आटोक्यात ठेवता येणारी अशी १४ कारणे दिली आहेत.

मुलीला तुमच्याकडून ई४ मिळण्याची शक्यता निम्मी आहे, मात्र ते जाणून घ्यायचे की नाही हे तिने ठरवावे. डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक असलेल्या जेम्स वॉटसन यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने २००७ मध्ये स्वतःचा जनुकसंच जाहीर करतानाही एपीओईची माहिती मुद्दाम वगळायला लावली होती. चाचणी करायचीच असेल, तर त्या निकालाचा तिच्या आयुर्विम्यावर परिणाम होऊ शकतो का, हे तिने आधी तपासून घ्यावे.