वाचकांचे प्रश्न : पर्वतीय पर्यटनगावे खरोखरच बाराही महिने खुली असतात का?

प्रश्न : आल्प्समधील एका पर्यटनगावाच्या माहितीपत्रकात 'वर्षभर खुले' असे ठळकपणे छापलेले आहे. आम्हांला सवड मे किंवा नोव्हेंबर महिन्यातच मिळते. मुख्य हेतू पायी भटकंतीचा आहे. या काळात जाणे योग्य ठरेल का?

उत्तर : गाव खुले असेल, परंतु डोंगरही खुला असेल असे गृहीत धरू नये. आल्प्समधील बहुतेक गावांना दोन हंगाम असतात. बर्फावरील खेळांचा हंगाम डिसेंबरपासून साधारण एप्रिलच्या मध्यापर्यंत चालतो आणि पदभ्रमण, गिर्यारोहण व सायकलिंगचा हंगाम जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. आपली सवड नेमकी या दोहोंमधील खंडात येते. मे महिन्यात खालच्या उतारांवरचे बर्फ स्कीइंगच्या कामाचे उरलेले नसते, मात्र उत्तराभिमुख उतारांवर आणि उंच खिंडींत ते पायवाट झाकून टाकण्याइतके टिकून असते, आणि अनेक उंचावरच्या वाटांवर ही स्थिती जुलैच्या सुरुवातीपर्यंत राहते. डोंगरातील मुक्कामाच्या झोपड्याही त्या सुमारास सहसा बंद असतात. केबल कारच्या दोरांची आणि यंत्रांची मोठी तपासणी करायला याच दोन खंडांत उसंत मिळत असल्याने अनेक ठिकाणी त्या काही आठवडे थांबवल्या जातात. ओल्या वाटांवरून चालल्याने त्या रुंद होतात व खचतात, हेही ध्यानात घ्यावे.

तरीही मे महिन्यातच जायचे असेल, तर दरीतील आणि तळ्याकाठच्या वाटा पुरेशा समजाव्यात. गर्दी नसते हा त्यातील लाभ. नोव्हेंबरात दिवसही आखूड झालेला असल्याने तो महिना आम्ही सुचवणार नाही. सवड थोडी सरकवता आली, तर आमच्या मते सप्टेंबरचा पूर्वार्ध सर्वांत सरस, कारण वाटा कोरड्या असतात, झोपड्या अजून चालू असतात आणि भर उन्हाळ्यात दुपारनंतर उठणारी विजांची वादळे तोवर बरीच कमी झालेली असतात. आधी महिना ठरवून मग त्यात काय करता येईल ते शोधण्यापेक्षा आधी काय करायचे ते ठरवावे, आणि केबल कार व झोपड्या उघडण्याच्या तारखा पाहूनच तिकिटे काढावीत. मे-नोव्हेंबरचा आग्रह असलेल्यांना दक्षिण गोलार्धाचाही विचार करता येईल. तेथे ऋतू उलटे असतात. न्यूझीलंडमधील क्वीन्सटाउनला नोव्हेंबरात वसंताची अखेर असते.

प्रश्न : हवामानबदलामुळे बर्फ कमी पडू लागले, म्हणून स्कीइंगच्या गावांनी उन्हाळी उपक्रम सुरू केले, असे वाचनात आले. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धेच खरे आहे. यांतील अनेक गावे मुळात उन्हाळ्याचीच होती. फ्रान्समधील शामोनी येथून जाक बाल्मा आणि मिशेल-गाब्रिएल पाकार यांनी मों ब्लां शिखर सर केले ते १७८६ च्या ऑगस्टमध्ये, आणि वाटाड्यांचा तेथील संघ १८२१ पासूनचा आहे. त्याच गावात पहिली हिवाळी ऑलिम्पिक स्पर्धा भरली ती १९२४ मध्ये, म्हणजे गाव प्रसिद्ध झाल्यावर शतकाहूनही अधिक काळाने. स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झविषयी अशी कथा सांगतात की, १८६४ मध्ये योहानेस बाद्रुट या हॉटेलमालकाने आपल्या इंग्रज उन्हाळी पाहुण्यांशी पैज मारून त्यांना हिवाळ्यात परत बोलावले. कथेत मीठमसाला किती, हे सोडून दिले तरी तिचा रोख बोलका आहे: त्या काळी पटवून द्यावा लागत होता तो हिवाळा.

विसाव्या शतकात स्कीइंगच्या लिफ्ट आल्या आणि पारडे फिरले. मात्र एवढी महागडी यंत्रणा वर्षातील निम्म्याहून अधिक काळ रिकामी ठेवणे कोणत्याही व्यावसायिकाला परवडणारे नसते, आणि बर्फाची खात्री कमी होण्याच्या आधीपासूनच हे गणित त्यांना खुपत होते. कॅनडातील व्हिस्लर येथे स्कीइंग १९६६ मध्ये सुरू झाले. आज तेथील लिफ्ट उन्हाळ्यात सायकली वर नेतात आणि उतारावर आखलेल्या मार्गांनी स्वार खाली येतात. अमेरिकेत अनेक स्कीस्थळे राष्ट्रीय वनांच्या जमिनीवर आहेत, त्यामुळे तेथे कायदा बदलावा लागला. २०११ च्या दुरुस्तीने झिपलाइन, दोरखेळ, सायकलमार्ग यांना वाट मोकळी केली, पण पोहण्याचे तलाव, गोल्फची मैदाने आणि मनोरंजन उद्याने यांना स्पष्ट मनाई केली. ही सीमारेषा आम्हांला समंजस वाटते.

हवामानाचा भाग खोटा नाही. कृत्रिम बर्फ फवारण्यासाठीही हवा पुरेशी थंड आणि कोरडी लागते, त्यामुळे कमी उंचीवरच्या गावांना तो उपाय दिवसेंदिवस अपुरा पडतो. ज्यांच्याकडे उंच हिमनदी आहे अशा झेरमाटसारख्या मोजक्या गावांत उन्हाळ्यातही स्कीइंग चालते, पण हिमनद्याच आक्रसत असल्याने त्या आधारालाही मर्यादा आहे.

प्रश्न : वृद्ध आईवडिलांना केबल कारने उंचावर नेणे सुरक्षित आहे का?

उत्तर : शामोनीहून एग्वी द्यू मिदीची केबल कार सुमारे १०३५ मीटरवरून ३८०० मीटरच्या आसपास अल्पावधीत पोहोचवते. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशांहून कमी असतो. प्रकृती उत्तम असली तरी वर थोडाच वेळ थांबावे, जिने सावकाश चढावेत, डोकेदुखी वा भोवळ जाणवताच खाली उतरावे. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नये. डोळ्यांवर गडद चष्मा हवाच.

प्रश्न : वर्षभर पर्यटक आले, तर स्थानिकांचे भलेच होत असणार ना?

उत्तर : रोजगाराच्या दृष्टीने होय. एका हंगामापुरता येणारा कामगार बाराही महिने राहू शकतो, मुलांना शाळेत घालू शकतो. पण राहणार कुठे, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहतो, कारण घरे पाहुण्यांना भाड्याने देण्यात किंवा बाहेरच्यांनी सुटीसाठी विकत घेऊन बंद ठेवण्यात अडकलेली असतात. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या मतदारांनी कोणत्याही गावातील सुटीघरांचे प्रमाण २० टक्क्यांवर रोखण्याच्या बाजूने कौल दिला. व्हिस्लरने कामगारांच्या घरांसाठी स्वतंत्र संस्था उभारली. आणखी एक पक्ष सहसा मोजला जात नाही, तो वन्यप्राण्यांचा. पूर्वी हंगामांमधल्या खंडात त्यांना निवांतपणा मिळे, आता तो हिरावला जातो. हिवाळ्यात तर माणसाला बुजून खोल बर्फातून पळण्यात खर्चलेली ताकद त्यांना सहज भरून काढता येत नाही. म्हणूनच स्वित्झर्लंडमध्ये वन्यजीवांसाठी शांतताक्षेत्रे आखलेली आहेत आणि त्यांतील बंधनकारक क्षेत्रांत ठरलेल्या काळात वाट सोडून शिरणाऱ्यास दंड होतो. नकाशावर ती दाखवलेली असतात. मार्ग आखताना पाहून घ्यावीत.