ऐकणारा आहे की नाही, हे नंतर बघू

बाबू,

तुझं पत्र वाचलं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या लोकांनी बोलावलं म्हणून तू सायंप्रार्थनेला बसतोस, पण मन घेत नाही. ही रीत आली कुठून, आणि वर ऐकणारं कोणी नसेल तर रोज म्हणायची कशासाठी, असं तू विचारलंस. शिवाय शेजारच्या घरच्या कर्त्या माणसाने आत्महत्या केली, तेराव्यानंतर त्यांच्या अंगणात प्रार्थना ठेवली आहे आणि दोन शब्द तू बोलायचे आहेत. म्हणजे उत्तर तुला लवकर हवं आहे.

प्रार्थनेची सुरुवात मागण्यातून झाली, हे आधी मोकळेपणाने मान्य करू. त्यात कमीपणा नाही. ऋग्वेदातला माणूस पाऊस मागतो, गाई मागतो, शंभर शरद ऋतू बघायला मिळोत म्हणतो. त्याच्याही आधी, सुमारे 4,300 वर्षांपूर्वी, मेसोपोटेमियातल्या ऊर नगरीत एन्हेदुआना नावाची पुजारीण होऊन गेली. तिच्या नावाने आलेल्या एका सूक्तात ती इनान्ना देवीपुढे गाऱ्हाणं मांडते : मला देवळातून हुसकून लावलं, तू बघत कशी बसलीस? आपल्याकडे पाऊस दडी मारतो तेव्हा पोरं कडुनिंबाचा पाला बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत दारोदार फिरतात, ती याच घराण्यातली. गरज असलेल्या माणसाने हाक मारली. हाक मारणं हे माणसाचं लक्षणच आहे.

पण सगळंच मागण्यातून आलं नाही. कधी नागपूरला गेलास तर जुनापाणीची शिळावर्तुळं बघून ये. लोहयुगातल्या लोकांनी आपल्या मृतांभोवती मोठाले दगड वर्तुळात रचले, जवळ लोखंडी अवजारं आणि मडकी ठेवली. माहुरझरीच्या उत्खननात तर घोड्याचे अवशेष त्याच्या साजासकट निघाले. त्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोचले नाहीत, पण गेलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, एवढं त्यांच्या मनात होतं, हे दगड बघून कोणालाही कळतं. त्यांना त्यातून मिळायचं काय होतं?

आणि तुझ्या घरातलंच बघ. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुझे वडील बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकतात आणि हात जोडून म्हणतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.’ वर्षभर ज्यांच्या मानेवर जू ठेवलं, त्यांना दिलेलं हे निमंत्रण. बैलाला ते समजतं का, हे वडिलांना विचार. त्यावर ते काही बोलतील असं वाटत नाही. पण पोळ्यानंतर तोच बैल तिफणीला अडला, तर तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचताना हात थबकतो का, हे विचार. तुझ्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर एवढंच आहे. वर कोणी ऐकतं की नाही, यावर माणसं हजारो वर्षं भांडत आली आहेत आणि भांडतील. म्हणणाऱ्याच्या हातावर मात्र परिणाम होतो, हे मी या गावांतून आयुष्यभर पाहिलं आहे.

आपल्या मुलखात गेल्या शंभर वर्षांत जे घडलं, ते याच दिशेचं आहे. गाडगेबाबा शेंडगावचे. गावात शिरले की आधी खराटा हाती घ्यायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावात येऊन राहिले, तेच पुढे सेवाग्राम झालं. तिथली प्रार्थना उघड्या आभाळाखाली होते. गीतेतल्या स्थितप्रज्ञाच्या श्लोकांबरोबर तिच्यात कुराणातल्या आयता आहेत, आणि एका जपानी भिक्षूच्या सहवासातून आलेला बौद्ध मंत्रही आहे. तुकडोजी महाराजांनी 1935 मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला आणि जातपात न विचारता सगळ्यांना एका सतरंजीवर बसवलं. त्या काळच्या गावात ती सतरंजीच केवढी मोठी गोष्ट होती! विहिरीवर ज्यांना वेगळं उभं राहावं लागे, ती माणसं प्रार्थनेला मांडीला मांडी लावून बसली. पुढे 1942 च्या ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी पेटलं, आणि खंजिरीवर भजन म्हणणाऱ्या या माणसाला इंग्रज सरकारने तुरुंगात टाकलं. हे भजन ऐकून माणसं उठतात, हे त्या सरकारला बरोबर कळलं होतं. महाराजांच्या प्रार्थनेतलं मागणंही बघ. मेल्यावर स्वर्ग मिळावा असं ती म्हणत नाही, हाच संसार स्वर्गासारखा व्हावा म्हणते. मग ते करायचं कोणी? बसलेल्यांनीच.

देव मानायला जड जात असेल तर गावातल्या विहारात वंदनेला जाऊन बस. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. त्यात कोणाकडे काही मागणं नाही. मी हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही, नशा करणार नाही, असं माणूस स्वतःला बांधून घेतो. तुझ्या वयाच्या मुलाला ती वंदना जास्त सरळ वाटेल, आणि तिथे बसल्याने मंडळातली तुझी जागा जात नाही.

आता त्या अंगणाबद्दल. हे नीट वाच.

त्या माणसाच्या जाण्याचा अर्थ सांगायला जाऊ नकोस. ‘देवाची मर्जी’ म्हणू नकोस, ‘नामस्मरण असतं तर धीर राहिला असता’ हे तर अजिबात नाही. असं बोलणारी माणसं मी ऐकली आहेत, चांगली माणसं, आणि मागे राहिलेल्या बाईची मान प्रत्येक वाक्याला खाली जाताना पाहिली आहे. कापसाला भाव नव्हता, बोंडअळीने पीक खाल्लं, सावकाराचा तगादा होता. यातलं एकही भक्ती कमी पडली म्हणून घडलेलं नाही. प्रार्थनेच्या नावाने दुःखी माणसावर दोष टाकणं, यासारखा प्रार्थनेचा अपमान मला दुसरा माहीत नाही.

तर असं कर. आदल्या दिवशी त्याच्या बायकोला, वहिनींना, भेट आणि प्रार्थना अंगणात हवी आहे का, हे त्यांनाच विचार. त्या नको म्हणाल्या तर मंडळाला तू समजाव. हो म्हणाल्या तर लवकर जा, सतरंजी टाक, बायकांना पुढे जागा कर. महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत लाखो लोक उभे राहून मौन श्रद्धांजली देतात, तसं दोन मिनिटं मौन ठेव. बोलायचंच असेल तर तो माणूस कसा होता ते सांग : कोणाच्या पेरणीला धावला, कोणाचं पोर दवाखान्यात घेऊन गेला. तेवढं पुरे.

लोक उठले की तू थांब. आत्महत्येच्या प्रकरणात शासन एक लाखाची मदत देतं, पण सातबारा कोणाच्या नावे आहे, कर्ज बँकेचं की परवानाधारक सावकाराचं, यावर प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. पोलीस पाटलाला भेट, शवविच्छेदनाचा अहवाल आणि कर्जाचे कागद एका पिशवीत लाव. वहिनींना एकटं तहसीलला पाठवू नकोस. पोराची शाळेची फी थकली असेल तर मंडळाच्या पेटीतून काढा. मी अध्यक्षांशी बोललो आहे.

त्या कामात एखाद्या संध्याकाळी प्रार्थना चुकली तर मनाला लावून घेऊ नकोस. काय झालं ते मला कळव.

जय गुरू.