सगळेच एवढी पितात?

प्रश्न : कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी दारूविषयी अर्ध्या तासाचा ऑनलाइन वर्ग सुरू केला. यकृत, अपघात, व्यसन, सगळं त्यात आहे. शेवटच्या चाचणीत मुलं पैकीच्या पैकी गुण मिळवतात, पिणं मात्र तसंच. आमचं चुकतंय कुठे? – एक अध्यापिका

उत्तर : मॅडम, तुमच्या वर्गाने माहिती वाढवली. पण मुलं पितात ती माहिती नाही म्हणून नव्हे, तर 'सगळेच एवढी पितात' या समजुतीपोटी. १९८६ मध्ये अमेरिकेत पर्किन्स आणि बर्कोविट्झ या संशोधकांनी दाखवून दिलं, की विद्यार्थी आपल्या सोबत्यांना दारूच्या बाबतीत जितके सैल समजतात तितके ते नसतात. पार्टीत धिंगाणा घालणारा सगळ्यांच्या लक्षात राहतो. एक ग्लास घेऊन झोपायला गेलेला कुणालाच आठवत नाही.

म्हणून आधी निनावी पाहणी करा. सोमवार ते रविवार, कोणत्या वारी किती, हे मिलिलिटरमध्ये विचारा. 'किती ग्लास' असं विचारलंत की आकडे फसलेच, कारण प्रत्येकाचा ग्लास वेगळा. मग 'तुमच्या वर्षाचे इतर विद्यार्थी किती घेत असतील?' हा अंदाज भरून घ्या, आणि तो भरल्यावरच पडद्यावर तीन आकडे शेजारी शेजारी दाखवा : स्वतःचा, अंदाजाचा आणि पाहणीतला खरा. खरा आकडा तुमच्याच कॉलेजचा आणि ताजा हवा. दुसरीकडचा उसना आणला तर मुलं 'आमच्याकडे असं नसतं' म्हणून उडवून लावतात.

इथे एक काळजी घ्याच. जो पीतच नाही किंवा सरासरीहून कमी पितो, त्याला सरासरी दाखवू नका. 'मी मागे पडलो' असं वाटून तो वाढवू शकतो. रोल नंबर मागू नका, हजेरीशी जोडू नका, नाहीतर उत्तरं खोटी येतील. आणि या उपायाचा परिणाम लहान असतो, काही महिन्यांत ओसरतो. परीक्षा संपण्याच्या आदल्या आठवड्यात तो पुन्हा पाठवा. जास्त पिणाऱ्यांना समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटण्याची वेळ त्याच पडद्यावर द्या. समोरासमोरच्या बोलण्याचा परिणाम जास्त टिकतो.

प्रश्न : दारू पिण्याची सवय तपासणाऱ्या ऑनलाइन 'ऑडिट' प्रश्नावलीत मला ११ गुण आले. मी व्यसनी आहे का? – एक विद्यार्थी

उत्तर : नुसत्या ११ गुणांवरून तसं म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या या १० प्रश्नांना एकूण ४० गुण असतात. ८ ते १५ म्हणजे पिणं धोक्याच्या पातळीवर आलंय, आणि कमी करायला हीच वेळ सोयीची. २० किंवा त्याहून अधिक आले, तर डॉक्टरांकडून नीट तपासणी हवी.

आधी हिशेब शीक : मिलिलिटर गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.७९, म्हणजे मद्यार्काचे ग्रॅम. ५ टक्क्यांची ३३० मिलिलिटर बिअर म्हणजे सुमारे १३ ग्रॅम. ४० टक्क्यांची ६० मिलिलिटर व्हिस्की सुमारे १९. अंदाजाने ओतताना हात सैल सुटतो, म्हणून एकदा मापाने ओतून बघ. कितीवर थांबायचं ते जेवून निघतानाच फोनवर लिही; दुसऱ्या ग्लासनंतर ठरवलेली मर्यादा पाळली जात नाही. प्रत्येक ग्लासनंतर एक ग्लास पाणी पी. पैजेवर पिण्याच्या खेळात बसू नकोस, तिथे वेग दुसराच कुणी ठरवतो. सकाळी हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर मात्र एकदम बंद करू नकोस, झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांना भेट.

प्रश्न : खूप प्यायलेल्या मित्राला झोपू द्यावं का? – एक विद्यार्थिनी

उत्तर : एकट्याला कधीच नाही. पोटातली दारू झोपेतही रक्तात उतरत राहते. कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ती कमी होत नाही. त्याला कुशीवर वळव, उलटी घशात अडकणार नाही. श्वास मोज : मिनिटाला ८ पेक्षा कमी, किंवा दोन श्वासांत १० सेकंदांहून मोठा खंड, ओठ निळसर, हलवूनही जाग नाही, यातलं एकही दिसलं तर लगेच रुग्णवाहिका बोलाव, आणि ती येईपर्यंत त्याच्याजवळून उठू नकोस.