सहल एक लाख चाळीसची, चूक चौदा लाखांची

पत्र: "साहेब, मी चिपळूण तालुक्यातला. वय ५३. लोटे एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे, हातात ४८ हजार पडतात, ५८ ला निवृत्ती. यंदा लग्नाला २५ वर्षं होतायत. बायकोच्या मनात पहिल्यापासून उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बघायचं आहे. गाइडबरोबर चालत जायची टूर २८ जुलैला हरिद्वारहून निघते, दोघांचे १ लाख १२ हजार. गाडीभाडं, बूट, रेनकोट धरून १ लाख ४० हजार. बायकोने आगळ-आमसुलं विकून डब्यात ४६ हजार साठवलेत. बाकीच्यासाठी पतसंस्थेतली दीड लाखाची एफडी मोडू, पॉलिसीवर कर्ज काढू, की टूरवाले देतात तो नो-कॉस्ट ईएमआय घेऊ? मेहुणा म्हणतो फुलंच बघायची तर कासला जा, दोन हजारांत भागेल. पॉलिसी म्हणजे बँकेतली दोन लाखांची एफडीच आहे. दर १२ ऑगस्टला भरतो, दहा वर्षं भरायची, तीन झाली. पंधराव्या वर्षी ३१ लाख गॅरंटीड. चौथा हप्ता आंब्याच्या पैशांतून होईल, यंदा मोहोर चांगला आहे."

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, ते आधी देऊन टाकतो. जा. वहिनींच्या डब्यातले ४६ हजार आणि पतसंस्थेतले ९४ हजार, झाले एक चाळीस. एफडी मुदतीआधी मोडली म्हणून थोडं व्याज कापतील, कापू दे. तसेही ते पैसे तिथे फार दिवस राहावेत असं मला वाटत नाही. बँकेतल्या ठेवीला, अगदी सहकारी बँकेतल्याही, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेला ते नसतं. दीड-दोन टक्के जास्त मिळतात ते उगाच नाही.

पॉलिसीवर कर्ज म्हणजे आपलेच पैसे नऊ-दहा टक्क्यांनी उसने घेणं. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी असते आणि रोख भरणाऱ्याला मिळणारी सवलत गेलेली असते. टूरवाल्याला विचारा, "एकरकमी भरले तर किती कमी कराल?" दोन-तीन हजार सुटतील. मेहुण्यांना सांगा, कासचं पठार सुंदर आहे, पण ते सप्टेंबरात एखाद्या रविवारी जाऊन येण्यासारखं आहे. पंचवीस वर्षं मनात ठेवलेली जागा स्वस्त पर्यायाने भागवायची नसते.

आता त्या 'बँकेतल्या एफडी'बद्दल. पत्रात तिला तुम्ही शेवटच्या चार ओळी दिल्यात, मला मात्र तिच्यावरच बोलायचं आहे.

एफडीत पैसे एकदा भरायचे असतात. दरवर्षी १२ ऑगस्टला भरावे लागतात ती एफडी नसते, ती विमा पॉलिसी असते, आणि तुम्हीही पत्रात तिला पॉलिसीच म्हणता. एफडी रिन्यू करायला गेलात, समोरच्या टेबलावर बोलावलं, चहा आला, "त्यापेक्षा चांगली स्कीम आहे" म्हणाले, चार ठिकाणी सह्या झाल्या. नंतर कंपनीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा, फॉर्मॅलिटी आहे" असंही सांगितलं असणार. असली पत्रं मला दर महिन्याला येतात. बँकेचं नाव बदलतं, चहा तोच.

हिशोब बघू. दोन लाख, दहा वर्षं, म्हणजे २० लाख. पंधराव्या वर्षी ३१ लाख. वाचायला दीडपट, पण वर्षाचा परतावा काढला तर ४.२ टक्के. हेच हप्ते पीपीएफमध्ये टाकले असते (दीड लाख तुमच्या खात्यात, पन्नास हजार वहिनींच्या), तर सध्याच्या ७.१ टक्क्यांनी तेवढ्याच काळात ४२ लाखांच्या आसपास झाले असते. फरक ११ लाखांचा, म्हणजे अशा आठ सहली. आणि महागाई सहा टक्के धरली तर अजून बारा वर्षांनी मिळणाऱ्या ३१ लाखांत आजच्या पंधरा लाखांएवढंच येईल. गॅरंटी आकड्याची आहे, त्या आकड्यात काय येईल याची नाही. "टॅक्सही वाचतो" असं सांगितलं असेल तर तेही विसरा. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर तुमच्यासारख्या पगारदाराला करच नाही, मग वाचवणार काय?

कमी परतावा ही इथली लहान चूक. पहिला हप्ता तुम्ही पन्नासाव्या वर्षी भरलात. दहावा येईल एकोणसाठाव्या वर्षी. पगार थांबतो अठ्ठावन्नाला. शेवटचे दोन हप्ते, चार लाख, पगार बंद झाल्यावर भरायचे आहेत! विकणाऱ्याने निवृत्तीचं वय विचारलं नाही, तुम्हीही बोटं मोजली नाहीत. कंपनीकडून प्रस्ताव अर्जाची प्रत मागवा आणि त्यात वार्षिक उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. तिथे नऊ-दहा लाख दिसले तर मला आश्चर्य वाटणार नाही. तो कागद तक्रारीला उपयोगी पडेल. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे, मग विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर, तिथे नाही झालं तर विमा लोकपालाकडे. लोकपालाकडे फी लागत नाही. पण तिन्ही वर्षं तुम्ही सही करून चेक दिलेत, त्यामुळे सगळे पैसे परत मिळतील अशी आशा धरू नका. तक्रार करा आणि पुढचा हिशोब तिच्यावाचूनच मांडा.

आंब्याचंही तसंच. "चौथा हप्ता आंब्याच्या पैशांतून होईल." तुमच्या पुरवणी पानावर तुम्हीच लिहिलंय की चाळीस कलमांचे मागच्या वर्षी सगळं वजा जाता ७० हजार हाती आले, त्याच्या आधी १ लाख ९० हजार. मग दरवर्षी दोन लाख कुठून धरलेत? हापूस एक वर्षाआड नीट धरतो हे मी चिपळूणच्या माणसाला सांगायला नको. मोहोर म्हणजे आंबा नव्हे. तुडतुडे आहेत, फुलकिडे आहेत, मार्चातली उष्णता आहे, एप्रिलातला अवकाळी आहे. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळाने झाडावरचा माल एका रात्रीत खाली आणला, तो तुम्ही डोळ्यांनी बघितलाय. शिवाय फवारणी, राखण, पेट्या, हमाली, वाशीची दलाली वळती झाल्यावर जो आकडा उरतो तोच उत्पन्न. तो मिळाला की गोड मानून घ्यायचा, आधीच कुणाच्या नावावर लिहून ठेवायचा नाही.

तो बाजूला ठेवून बघा. पगार वर्षाला पावणेसहा लाख. घरखर्च महिना २२ हजार, म्हणजे दोन लाख चौसष्ट. लेकीच्या नर्सिंगचे ९० हजार, अजून दोन वर्षं. पॉलिसीचे दोन लाख. उरले वीस-बावीस हजार. वर्षाचे. आणि हप्ता येतो नेमका ऑगस्टात, गणपतीच्या तोंडावर.

मग मोडायची का? इथे घाई करू नका, कारण "सरेंडर करा" हे आमच्या धंद्यातलं फार सोपं उत्तर आहे. मागे वळून बघितलं तर पॉलिसी ४.२ टक्क्यांची. पण नुकसान पहिल्या वर्षांतच होऊन गेलंय. बँकेने सांगितल्याप्रमाणे मोडून निम्मे, म्हणजे ३ लाख मिळणार असतील, तर इथून पुढचा हिशोब असा: ते ३ लाख सोडायचे, १४ लाख आणखी भरायचे आणि बारा वर्षांनी ३१ लाख घ्यायचे. हा परतावा साधारण ६.४ टक्के येतो. तो वाईट नाही. तुमची नोकरी साठीपर्यंत असती आणि शिल्लक भरपूर असती, तर मी म्हटलं असतं, दात-ओठ खा आणि भरून टाका. पण तुमची नोकरी पाच वर्षांची आहे आणि अडीअडचणीला हातात एक लाखही नाही. तेव्हा चौथा हप्ता भरू नका.

हप्ता थांबवल्यावर दोन वाटा. पॉलिसी पेड-अप करायची, म्हणजे दहापैकी तीन हप्त्यांच्या प्रमाणात, २० लाखांच्या मूळ विमा रकमेचे सहा लाख आणि वर थोडं काही, ते पासष्टाव्या वर्षी. नाहीतर सरेंडर करून, म्हणजे मोडून, ३ लाख यंदाच घ्यायचे. हे ३ लाख सात टक्क्यांनी बारा वर्षांत पावणेसात लाख होतात. म्हणजे दोन्ही सारखंच. तुमच्याकडे आणीबाणीची रक्कम नाही, म्हणून मी दुसरी वाट धरेन. ते पैसे बँकेच्या साध्या एफडीत टाका. खऱ्या एफडीत.

तारीख मात्र सांभाळा. तुमच्या काळातल्या पॉलिसींना किमान सरेंडर मूल्य तिसऱ्या वर्षात भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्के आणि चौथ्यापासून ५० टक्के, असा नियम होता. म्हणजे १२ ऑगस्टच्या आधी मोडलीत तर कदाचित दोन लाख दहा हजारच मिळतील, नंतर तीन. दोन्ही तारखांचे आकडे कंपनीकडून आत्ताच लेखी मागवा, बँकेतल्या टेबलावरच्या माणसाकडून नव्हे. टूर आठ ऑगस्टच्या सुमारास संपते. घरी या, कपडे वाळत घाला, १२ तारीख उलटली की अर्ज करा. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, बँकेतून रोज फोन येतील, घाबरायचं कारण नाही.

तोवर दोन कामं उरका. पॉलिसी गेली की २० लाखांचं विमा संरक्षणही जातं, म्हणून त्याआधी साठीपर्यंतचा साधा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. पंचवीस लाख पुरेत. तब्येत ठीक असेल तर वर्षाला पंधरा-वीस हजारांच्या घरात बसेल. दुसरं काम आरोग्य विम्याचं. पुरवणीत त्याचा उल्लेख एवढाच, की "कंपनीचा मेडिक्लेम आहे". तो अठ्ठावन्नाला कंपनीतच राहील, तुमच्याबरोबर घरी येणार नाही. आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे असंही तिथेच लिहिलंत. आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षांची प्रतीक्षा असते. आज पॉलिसी घेतलीत तर छप्पन्नाव्या वर्षी ती संपलेली असेल, अठ्ठावन्नाला घ्यायला गेलात तर एकसष्ठीपर्यंत थांबा. दोघांचा दहा लाखांचा विमा तीस-चाळीस हजारांत येईल, त्यावरचा जीएसटीही सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. रक्तदाब लपवू नका. दावा फेटाळायला कंपनीला तेवढंच हवं असतं.

दोन लाखांतून हे दोन्ही विमे वजा जाता १ लाख ४४ हजार धरा, महिना १२ हजार. ते पीपीएफमध्ये नको, तिथे पंधरा वर्षं अडकतील. एप्रिलपासून पगारातूनच व्हीपीएफला, म्हणजे पीएफमध्येच स्वतःहून जास्तीचे, कापून घ्या, कारखान्याच्या ऑफिसात एक अर्ज द्यावा लागतो. पीएफचं व्याज सध्या सव्वाआठ टक्के आहे. तोच दर टिकला तर पाच वर्षांत पावणेनऊ लाख होतात, आणि नोकरी संपली की हातात येतात.

आता सहलीबद्दल थोडं. टूरवाल्याकडून रद्द करण्याच्या अटी लेखी घ्या, कारण तुम्ही ऐन पावसाळ्यात हिमालयात जाताय. दरी १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडी असते, पण फुलं खरी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि दरडीही तेव्हाच. ऋषिकेश-बद्रीनाथ रस्ता बंद पडला की जोशीमठ नाहीतर पिपळकोटीत मुक्काम वाढतो. माझे एकदा दोन दिवस तिथल्या लॉजमध्ये पत्ते खेळण्यात गेले. वाढीव मुक्कामाचा खर्च कोण करणार ते विचारा आणि तुमच्या एक लाख चाळीसच्या वर १५ हजार वेगळे ठेवा, पतसंस्थेच्या एफडीतून उरतील त्यातलेच. कोकण रेल्वेचंही तेव्हा पावसाळी वेळापत्रक असतं, म्हणून दिल्लीची पुढची गाडी त्याच दिवसाची काढू नका.

गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप जाते, तिथून घांघरिया नऊ-दहा किलोमीटरची चढण. दरीत मुक्कामाला परवानगी नाही, रोज घांघरियाला परतायचं. हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्याचा दिवस पॅकेजमध्ये असेल तर ती चढण आणखी खडी आणि उंची चार हजार मीटरच्या वर. रक्तदाबाबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे जाऊ नका. वहिनी गेल्या आणि तुम्ही खाली चहा पीत बसलात तरी काही बिघडत नाही. खेचराचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का तेही बघा, बहुतेक नसतात.

आणि बूट आत्ताच घ्या, जुलैत नको. एप्रिलपासून दर रविवारी सकाळी लवकर दोघंही ते घालून खेडकडे रसाळगड चढायला लागा.