पावसातलं लाकूड आणि त्यातले स्क्रू: तुमचे प्रश्न

यावेळी डेक, पर्गोला (खांबांवरचा उघडा लाकडी मांडव), गॅलरीची लाकडं यावरचेच प्रश्न जास्त आलेत, पावसाळा संपत आला की दरवर्षी असंच होतं, त्यामुळे हा अंक सगळा स्क्रू-बोल्टवर. पहिल्या पत्राला जागा जास्त दिलीये, कारण बाकी अर्ध्या पत्रांची उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: सर, मुळशीजवळच्या घराला गेल्या उन्हाळ्यात सागवानी डेक करून घेतला. एका पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूखाली काळे ओघळ आले, आता काही फळ्या हलतायत आणि दोन-तीन स्क्रूची डोकी चक्क हातात आली. सुतार म्हणतो लाकूड ओलं होतं, लाकूडवाला म्हणतो सुताराने हलक्या प्रतीचे स्क्रू मारले. कोणाचं खरं? (कोथरूड)

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्क्रू काळे दिसतायत, म्हणजे लाकूडवाल्याचं खरं. ते जिप्समचे स्क्रू आहेत हो! फॉल्स सीलिंगला पत्र्याच्या फ्रेमवर जिप्सम बोर्ड मारायला जे वापरतात तेच. त्यांच्यावर फॉस्फेटचा काळा थर असतो, तो घरातल्या कोरड्या हवेपुरता, पावसापुढे त्याचं काही चालत नाही, आणि वर ते कडक करून ठिसूळ झालेले असतात. डेकची फळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, म्हणजे स्क्रूची मान वर्षभर इकडून तिकडे ढकलली जाते, ठिसूळ स्क्रू ते सहन करत नाही, डोकं तुटतं. सुतारांना ते आवडतात कारण स्वस्त, टोकदार आणि ड्रिलवर पटकन जातात. बाहेरच्या कामात कोणीही काळा स्क्रू काढला तर काम थांबवा, भांडण झालं तरी चालेल.

आता काळे ओघळ. लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, सागवानात आहे, बाभळीत तर बरंच जास्त. लोखंड, पाणी आणि टॅनिन एकत्र आलं की काळा रंग तयार होतो, आपल्याकडे हिरड्याचा काढा आणि लोखंड वापरून शाई करायचे ती हीच केमिस्ट्री. म्हणजे ओघळ दिसला की समजायचं आत लोखंड विरघळायला लागलंय.

आणि खरा घात डोक्यापाशी होत नाही, डोक्याच्या खाली होतो. डोकं उघड्यावर असतं, त्याला हवा भरपूर मिळते, दांडा मात्र ओल्या लाकडात कोंडलेला, लाकूड स्वतः थोडं आम्लधर्मी, त्यामुळे एकाच स्क्रूच्या दोन भागांत बॅटरीसारखा खेळ सुरू होतो आणि त्यात आतला दांडा झिजतो. वरून बघाल तर स्क्रू ठीक वाटतो, काढायला जाल तर सुईएवढा बारीक उरलेला असतो. लाकडातली ओल १८-२० टक्क्यांच्या खाली राहिली तर हे फार हळू होतं, म्हणून घरातल्या कपाटाचे साधे स्क्रू वर्षानुवर्षं टिकतात. मुळशीत जून ते सप्टेंबर उघड्यावरचं लाकूड तेवढं कोरडं राहणं शक्यच नाही.

मग काय वापरायचं? बाजारात पिवळसर किंवा चंदेरी चमकणारे झिंकचे स्क्रू मिळतात, त्यांच्यावरचा जस्ताचा थर साधारण ५ ते ८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पावसाळी हवेत जस्त वर्षाला एक-दोन मायक्रॉन सहज जातं, ओल्या लाकडात त्याहून जास्त, हिशोब तुम्हीच करा. हॉट डिप म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला माल, त्यावर थर ५० मायक्रॉनच्या आसपास. तो दिसायला मळकट, खरबरीत असतो, आणि नेमकं त्यामुळेच गिऱ्हाईक नाक मुरडतं आणि चकचकीत स्क्रू घेऊन घरी जातं. छतासाठी, जोडाच्या मोठ्या बोल्टसाठी हॉट डिप उत्तम. पण सागवानी डेकच्या वरच्या फळ्यांना मी एसएस ३०४ च (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, ३०४ हा त्याचा ग्रेड) सांगीन, कारण जस्त गेलं की खाली लोखंडच आहे, आणि मग परत तेच काळे ओघळ. अख्ख्या डेकच्या खर्चात स्क्रूचा वाटा किती असतो ते बिलावर बघा एकदा. फळी बदलायला लागली की तो वाचवलेला पैसा केव्हाच संपतो.

तुमच्या डेकचे सगळे स्क्रू काढावे लागतील, अर्धवट नको. तुटलेले दांडे आत राहिले तर तिथून काळं येतच राहील, म्हणून ते बाहेर काढा किंवा नवीन भोक दोन-अडीच इंच बाजूला घ्या. आणि सुताराला एक गोष्ट नीट समजवा: डोकं फळीच्या पातळीला आलं की थांबायचं. ड्रिलच्या जोरात ते आत घुसवलं की वर वाटी तयार होते, तिच्यात पाणी साचतं आणि पाऊस थांबल्यावरही ते लाकडात मुरत राहतं.

प्रश्न: बोहरी आळीत 'एसएस' म्हणून घेतले, चुंबक लावून बघितला, चिकटला नाही. तरी वर्षात तांबूस झाले. फसवलं का? (धनकवडी)

उत्तर: चुंबकाने अर्धीच परीक्षा होते. चुंबक कचकन चिकटला तर तो साधा लोखंडी किंवा ४१० ग्रेडचा (पत्र्याचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बऱ्याचदा या ग्रेडचे असतात, ते पावसात गंजतात). पण २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही! २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून त्याजागी मँगनीज घातलेलं असतं, भांड्यांना, आतल्या रेलिंगला ठीक, पण ओल्या लाकडात नको. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. उलट, खरा ३०४ चा स्क्रूही थंड अवस्थेत दाबून घडवल्यामुळे चुंबकाला किंचित ओढ दाखवतो, म्हणून नुसत्या तेवढ्यावरून दुकानदाराशी वाद घालू नका.

बोल्ट घेत असाल तर डोक्यावर ए२-७० असं कोरलेलं बघा, ए२ म्हणजे ३०४ च्या कुटुंबातला, ए४ म्हणजे ३१६ च्या. छोट्या स्क्रूवर काही लिहिलेलं नसतं, तिथे बॉक्सवरचा ग्रेड आणि बिलावर '३०४' लिहून घेणं एवढंच हातात आहे. माल जास्त असेल तर टेस्ट सर्टिफिकेट मागा. आणि भंगारवाले वापरतात ती थेंब टाकून मँगनीज ओळखायची किट मिळते, एक स्क्रू त्यात घालवायला हरकत नाही. आणखी एक शक्यता: शेजारी कोणी लोखंड ग्राइंड करत असेल किंवा तारेच्या घासणीने घासलं असेल, तर लोखंडाचे कण चांगल्या एसएसवर बसून तांबूस होतात. ते पुसलं जातं, खड्डे पडलेले नसतात. तुमचं नखाने निघतंय का बघा आधी.

प्रश्न: दादा, बाणेरला टेरेसवर ट्रीटेड पाइनचा पर्गोला करतोय. लाकूड हिरवट आहे. सप्लायर म्हणाला कुठलाही जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) स्क्रू चालेल. चालेल का?

उत्तर: नाही. तो हिरवटपणा तांब्याचा आहे. कीड-बुरशी लागू नये म्हणून प्रेशरने आत जे औषध भरतात त्यात तांबं असतं, आणि ओलीत ते तांबं जस्ताला आणि लोखंडाला खातं. जुन्या औषधात तांब्याबरोबर क्रोमियम आणि आर्सेनिक असायचं, अमेरिकेत घरगुती लाकडासाठी त्याचा वापर २००३ च्या शेवटी उत्पादकांनी बंद केला, नंतर आली ती बिनआर्सेनिकची औषधं, पण त्यांत तांबं जास्त, म्हणजे स्क्रूला त्रासही जास्त. सप्लायरला औषधाचं नाव विचारा, सांगता येत नसेल तर वाईटातलं वाईट धरून चाला. पातळ जस्ताचा स्क्रू अजिबात नको, मोठे बोल्ट आणि ब्रॅकेट किमान हॉट डिप, स्क्रू एसएस. अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट या लाकडाला थेट टेकवू नका.

मिक्स करताना एक लक्षात ठेवा, छोटी वस्तू नेहमी भारीची. हॉट डिप ब्रॅकेटला एसएस स्क्रू लावला तर ब्रॅकेटचं जस्त भरपूर असतं, निभावून जातं. पण एसएसच्या मोठ्या प्लेटला जीआयचे चार स्क्रू लावलेत तर ते स्क्रू बघता बघता संपतील, आणि नेमकं हेच सर्रास होतं, प्लेटवर खर्च करायचा आणि स्क्रूवर वाचवायचे. सगळं एकाच धातूचं ठेवलं तर प्रश्नच मिटला. आणि खांब थेट टेरेसच्या लादीवर उभे करू नका, खाली बूट (खांब धरणारी धातूची बैठक) लावून इंचभर तरी वर घ्या.

प्रश्न: सदाशिव पेठेत आमचा जुना वाडा आहे, गॅलरीच्या तुळईतले लोखंडी बोल्ट गंजलेत आणि भोवतीचं लाकूड काळं, भुसभुशीत झालंय. नुसते बोल्ट बदलले तर पुरे का? आणि पितळेचे लावले तर? (एक वाचक ताई)

उत्तर: ताई, पुरे नाही. गंजणारं लोखंड नुसतं स्वतः जात नाही, त्यातून सुटलेलं लोह ओल्या लाकडाचे तंतू तोडतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून भोक फाटतं. जुन्या होड्यांमध्येही खिळ्यांभोवतीचं लाकूड असंच मरतं. टोच्याने टोचून बघा, जिथे सहज आत जातो तिथलं लाकूड गेलं. मऊ भाग कोरून काढून तिथे सागवानी तुकडा बसवायचा, मगच एसएस ३०४ चा बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठा वॉशर घेऊन. गॅलरीवर माणसं उभी राहतात, तेव्हा किती तुळई शिल्लक आहे ते आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, सुतारावर सोडू नका. आणि वरून गळतं कुठून ते शोधा, पन्हळ तुंबलेली असेल तर बोल्ट सोन्याचे लावलेत तरी लाकूड कुजेलच. जुन्या सुतारांनी कुसू (दुसऱ्या लाकडाच्या भोकात बसणारी लाकडी जीभ) आणि लाकडी खुंट्यांवर जे जोड केलेत ते घट्ट असतील तर त्यांत उगाच स्क्रू मारायचा मोह टाळा.

पितळेचं विचारलंयत: आतल्या दाराला छान, उघड्यावरच्या ओलीत पितळेतलं जस्त निघून जातं, स्क्रू गुलाबी आणि ठिसूळ होतो.

प्रश्न: अलिबागला घर आहे, ३०४ चालेल? (औंध)

उत्तर: समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात ३०४ ला डाग आणि बारीक खड्डे पडतात. ३१६ घ्या, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. पुण्यात, लोणावळ्यात पाऊस कितीही असला तरी हवेत मीठ नाही, तिथे ३१६ साठी जादा पैसे घालवू नका.

प्रश्न: एसएस स्क्रू मारताना तुटतात, नट अर्ध्यात जाम होतो. माल खराब का?

उत्तर: बहुतेक नाही. एसएस ३०४ कडक केलेल्या स्क्रूपेक्षा मऊ असतो, सागवानात आधी भोक पाडल्याशिवाय जात नाही, गिरमिट वापरा नाहीतर ड्रिल, पण पाडा. नट जाम होतो कारण एसएसवर एसएस जोरात फिरला की आटे एकमेकांना चिकटतात, मग पाना मोडला तरी हलत नाही. इम्पॅक्ट ड्रिल ठेवून द्या, हाताने हळू फिरवा, आट्यांना थोडं मेण किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं वंगण) लावा. साबण लावायची सुतारांची सवय आहे, पण साबण ओल धरून ठेवतो.

प्रश्न: स्क्रू बदलले, पण फळ्यांवरचे जुने काळे डाग जात नाहीत. पॉलिश पेपर मारला, परत वर येतात. (वारजे)

उत्तर: आत लोखंड शिल्लक असेल तर येणारच, ते आधी काढा. मग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावा, पंधरा-वीस मिनिटांत डाग फिका पडतो, नाही पडला तर परत एकदा. ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घाला, पावडर नाकात जाऊ देऊ नका, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं लांब. नंतर भरपूर पाण्याने धुवा, दोन-तीन दिवस सुकू द्या आणि मगच तेल किंवा पॉलिश. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, लोखंडी बादली घेऊ नका.