आधी चार घास पोटात जाऊ देत

या महिन्यात आलेल्या पत्रांमध्ये म्हाताऱ्या मांजरांची पत्रं खूप आहेत आणि त्यातही किडनीचीच जास्त, म्हणून यावेळी दुसरे विषय बाजूला ठेवले. मी स्वतः डॉक्टर नाहीये, पण किडनीच्या दोन मांजरांना घरी सांभाळलंय, त्यातला एक बोका निदान झाल्यावर तीन वर्षांहून जास्त जगला. त्यामुळे औषधाचा डोस तुमच्या डॉक्टरांकडून घ्या, घरात काय करायचं, काय बघायचं तेवढं मी सांगते.

प्रश्न: ताई, आमची मनी 13 वर्षांची आहे. मागच्या आठवड्यात ब्लड टेस्ट केली तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करतेय ते सांगणारा रक्तातला आकडा, 3.4 आलं, डॉक्टर म्हणाले क्रॉनिक किडनी डिसीज, तिसरी स्टेज. किडनीचं स्पेशल फूड आणलं पण ती नुसता वास घेऊन निघून जाते. घरातले म्हणतात दोन-तीन दिवस दुसरं काही देऊच नका, भूक लागली की आपोआप खाईल. तसं करू का?

नको, अजिबात नको. हे सगळ्यात आधी सांगते कारण यात खरंच जीव जाऊ शकतो. कुत्रा भुकेपोटी खाईल, मांजर नाही खाणार. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरमध्ये साचायला लागते आणि मग किडनी राहिली बाजूला, लिव्हरसाठी धावपळ करावी लागते. कुठलंही साधं फूड जे पोटात जातंय ते बाऊलमध्ये पडून राहिलेल्या भारीतल्या फूडपेक्षा चांगलं, हे घरातल्या सगळ्यांना नीट सांगा.

आता वास घेऊन निघून जाते हे जे तुम्ही लिहिलंय ना, ते मला महत्त्वाचं वाटलं. ती बाऊलपाशी येते म्हणजे भूक आहे, पण वास आला की ढवळतंय. नीट बघा, ती जिभल्या चाटते का, उगाच घोट गिळल्यासारखं करते का, तोंडातून लाळ येते का. असं असेल तर ते मळमळणं आहे, नखरे नाहीत. किडनी नीट काम करत नसली की जी घाण लघवीतून बाहेर जायला हवी ती रक्तात राहते आणि त्याने मळमळतं. यावर औषधं आहेत, मॅरोपिटंट, ऑन्डॅनसेट्रॉन, आणि भूक वाढवायला मिर्टाझापिन, ते काही ठिकाणी कानाला आतून लावायच्या मलमातही मिळतं. डॉक्टरांना फोन करून सरळ विचारा की आधी मळमळ थांबवूया का. ती थांबली की निम्मी मांजरं स्वतःहून खायला लागतात असा माझा अनुभव आहे.

किडनी फूड त्यानंतर, आणि तेही हळूहळू. तिचं नेहमीचं जे आहे त्यात चमचाभर नवीन मिसळायचं, चार-पाच दिवसांनी दोन चमचे, असं करत करत महिना-दीड महिना लागला तरी काही बिघडत नाही. ओलं फूड थोडं कोमट करून द्या, अंगाच्या गरमीइतकंच, म्हणजे वास उठतो. बाऊल पसरट घ्या. आणि एक चूक मी केली होती ती तुम्ही करू नका, मी गोळी कुस्करून त्या नवीन फूडमध्येच घातली होती, बोक्याला कडू लागलं आणि नंतर त्या फूडकडे त्याने पुन्हा ढुंकूनही बघितलं नाही. औषध वेगळं, जेवण वेगळं.

या फूडचा एवढा आग्रह का, तर त्यात फॉस्फरस कमी असतो. थकलेली किडनी फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही, तो रक्तात वाढतो आणि उरलीसुरली किडनीही लवकर खराब करतो. तिसऱ्या स्टेजला रक्तातला फॉस्फरस 5 च्या खाली असावा असं धरतात. पण समजा खूप प्रयत्न करूनही मनीने ते फूड खाल्लंच नाही, तर साधं कमी फॉस्फरसचं ओलं फूड आणि त्यात फॉस्फेट बाइंडर हा दुसरा रस्ता आहे. बाइंडर म्हणजे जेवणातला फॉस्फरस आतड्यातच पकडून ठेवणारी पावडर किंवा गोळी, त्यामुळे ती जेवणासोबतच द्यायची, मधेच रिकाम्या पोटी दिली तर काही उपयोग नाही. कुठली आणि किती ते डॉक्टर रिपोर्ट बघून सांगतील.

आणि 3.4 या आकड्याने घाबरून जाऊ नका. 2.9 ते 5 म्हणजे तिसरी स्टेज, बरोबर आहे, पण त्या दिवशी मनीच्या अंगात पाणी कमी असेल तर आकडा उगाच चढलेला असू शकतो, स्टेज ठरवायची तर नीट पाणी भरल्यावर परत एकदा टेस्ट करून ठरवतात. तिसऱ्या स्टेजची कितीतरी मांजरं वर्ष-दोन वर्षं मजेत जगतात.

प्रश्न: डॉक्टरांनी घरी सलाईन द्यायला सांगितलंय, कातडीखाली, एक दिवसाआड 100 मिली. क्लिनिकमध्ये करून दाखवलं तेव्हा सोपं वाटलं पण घरी माझे हात थरथरतात. दोनदा सुई आरपार जाऊन सगळे केस भिजले आणि ती पळून कपाटाखाली जाऊन बसली. मला हे जमणार नाही असं वाटतंय.

जमेल हो. मला पहिले दहा दिवस रडू यायचं, लिहिताना आत्ताही आठवतंय. पण नंतर ते दहा मिनिटांचं काम होऊन जातं.

थंड सलाईन मांजराला अजिबात सहन होत नाही, निम्मी धडपड त्यामुळेच असते. पिशवी गरम पाण्याच्या भांड्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग थोडं मनगटावर सोडून बघा, कोमट लागलं पाहिजे, गरम नाही. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, कुठे जास्त तापतं कुठे कमी, कळत नाही. पिशवी जितकी उंच टांगाल तितकं लवकर जातं, खिडकीचा गज, कपाटाचं हँडल, काहीही चालेल. नळीतली हवा आधी काढून टाका. सुई दरवेळी नवीन, यात कंजुषी नको, कारण वापरलेली सुई बोथट होते आणि तीच दुखते. बारीक सुई कमी दुखेल म्हणून बरेच जण मागून घेतात पण मग 100 मिली जायला वीस मिनिटं लागतात आणि तितका वेळ कुठलं मांजर बसणार, त्यापेक्षा 18 किंवा 20 नंबरची घ्या.

आरपार का जाते सांगते. आपण भीतीने कातडी उचलतो आणि सुई उभी खुपसतो. त्याऐवजी दोन खांद्यांच्या मधली सैल कातडी वर ओढा, तंबू झाल्यासारखा दिसेल, त्या तंबूच्या दारातून आत शिरल्यासारखी सुई पाठीला समांतर न्यायची, सुईचं तिरकं कापलेलं तोंड वरच्या बाजूला. आत गेली की कातडी सोडा आणि नळी पूर्ण उघडा. पिशवीवरच्या रेघा बघत राहा. थांबलं असं वाटलं तर सुई किंचित फिरवा, बहुतेक वेळा टोक कातडीला आतून टेकलेलं असतं. झालं की सुई काढून ती जागा मिनिटभर चिमटीत धरा. खांद्यावर उंटासारखा फुगा येईल, घाबरू नका, तो हळूहळू पायाकडे उतरतो आणि रात्रीत जिरतो.

पण पुढच्या वेळेपर्यंत फुगा तसाच असेल तर नवीन सलाईन देऊ नका, फोन करा. आणि ती झोपलेली असताना श्वास मोजायची सवय लावून घ्या, मिनिटाला 30 च्या वर सारखा जात असेल, किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर सलाईन बंद आणि लगेच डॉक्टर, पाणी जास्त झालं की छातीत साठतं, हार्टचा त्रास असलेल्या मांजरांना तर फार पटकन. पिशवीही डॉक्टरांनी लिहून दिलेलीच वापरा, बहुतेक वेळा रिंगर लॅक्टेट असते. ग्लुकोज असलेली कातडीखाली द्यायची नाही. पाणी गढूळ दिसलं तर फेकून द्या.

आणि जागा बदला. तिला क्लिनिकसारखं टेबलावर घेऊ नका. जिथे ती रोज झोपते तिथेच, तिच्या चादरीवर, आवडीचं काहीतरी चाटायला देऊन. माझा बोका पुठ्ठ्याच्या खोक्यात बसला की हलायचा नाही, मग तीन वर्षं सगळं सलाईन त्या खोक्यातच झालं, चार खोकी फाटली.

प्रश्न: आमचा बोका इतकं पाणी पितो आणि ट्रे इतका भिजवतो की दिवसातून तीनदा साफ करावा लागतो. रात्री पाण्याचं भांडं उचलून ठेवलं तर चालेल का?

नाही. किडनी लघवी घट्ट करू शकत नाही म्हणून पाणी वाहून जातंय आणि तो ते भरून काढायला पितोय, भांडं उचललं तर तो काही तासांत सुकेल. उलट घरात चार ठिकाणी पाणी ठेवा, ट्रेपासून आणि जेवणापासून लांब, रुंद भांड्यात. ओल्या फूडमध्ये दोन चमचे कोमट पाणी घाला. ट्रे मोठा घ्या किंवा अजून एक ठेवा. शी कडक खड्यासारखी होत असेल तर तेही पाणी कमी पडल्याचंच लक्षण आहे, डॉक्टरांना सांगा, बद्धकोष्ठ झालं की मांजर जेवण सोडतं.

प्रश्न: म्हातारपणामुळे ती लंगडते. आमच्याकडे माणसांच्या पेनकिलरच्या गोळ्या आहेत, पाव गोळी दिली तर?

पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, पाव नाही, तुकडाही नाही. ते पचवायची व्यवस्थाच त्यांच्या लिव्हरमध्ये नसते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक हीसुद्धा नकोत, ती सरळ किडनीवर घाव घालतात. दुखण्यावर मांजरांसाठी वेगळी औषधं असतात, ती विचारून घ्या. आणि जाता जाता, घरात फुलदाणीत लिली असेल तर आजच बाहेर काढा, तिचं पान, फुलातली पूड, फुलदाणीतलं पाणी, कशानेही चांगल्या मांजराची किडनी दोन-तीन दिवसांत बंद पडते.

प्रश्न: टेस्ट किती दिवसांनी करायच्या? दरवेळी गाडीतून नेलं की तो दोन दिवस रुसून बसतो, आणि मी रिपोर्टच्या भीतीने झोपत नाही.

सगळं स्थिर असेल तर तीन ते सहा महिन्यांनी, नवीन औषध सुरू केलं असेल तर दोन ते चार आठवड्यांनी एकदा. रक्तासोबत लघवी आणि बीपी पण बघायला सांगा, बीपी बऱ्याचदा राहून जातं. किडनीच्या मांजरांचं बीपी वाढतं, वरचा आकडा सारखा 160 च्या पुढे राहिला तर डोळे, मेंदू, हार्ट सगळ्याला धोका असतो. एखाद्या दिवशी तो भिंतीवर आपटायला लागला, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्याच्या मोठ्या राहिल्या, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी न्या, बीपीमुळे डोळ्याचा पडदा सुटलेला असू शकतो आणि वेळेत अॅम्लोडिपिन हे बीपीचं औषध मिळालं तर कधीकधी थोडी नजर परत येते. मान खाली लोंबायला लागली, डोकं उचलतच नाही असं दिसलं तर पोटॅशियम कमी झालेलं असू शकतं, तेही लगेच दाखवायचं.

मधल्या काळात माझा भरवसा वजनकाट्यावर आहे. दर रविवारी, त्याच वेळी, लहान बाळांचा काटा मिळाला तर उत्तम, आणि वहीत लिहायचं. 4 किलोच्या मांजराचं 200 ग्रॅम गेलं म्हणजे पाच टक्के गेले, हातात घेऊन ते कळत नाही. क्रिएटिनिन तर कधीकधी फसवतं, मांजराचे स्नायूच झडले की ते खाली येतं आणि आपण खुश होतो. वहीत वजन, किती खाल्लं, उलटी झाली का, सलाईन किती, एवढं एका ओळीत लिहा. डॉक्टरांना त्या वहीचा किती उपयोग होतो ते पहिल्याच भेटीत कळेल तुम्हाला.

प्रश्न: कधी थांबायचं हे कसं ओळखायचं? आमची चिंगी चौथ्या स्टेजला आहे. मला तिला सोडवत नाही, पण तिला त्रासही द्यायचा नाहीये.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं.

तिला आवडणाऱ्या तीन गोष्टी कागदावर लिहा. उन्हात पडणं, तुमच्या मांडीवर चढणं, दार वाजलं की पळत येणं, जे काही तिचं असेल ते. त्यातल्या दोन बंद झाल्या आणि औषध देऊनही परत येत नाहीत, स्वतःला चाटून साफ करणं सोडलं, मळमळ थांबवूनही जेवण जात नाही, तर डॉक्टरांशी शांत झोप देण्याबद्दल बोलायची वेळ झाली असं मी समजते. कॅलेंडरवर रोज एक खूण करा, चांगला दिवस की वाईट, मनाला खोटं बोलता येतं पण महिनाभराचं पान समोर आलं की दिसतं. डॉक्टर घरी येऊ शकतात का ते आधीच विचारून ठेवा, ऐनवेळी सुचत नाही. आमच्या बोक्याच्या वेळी मी एक आठवडा उशीर केला, तो आठवडा माझ्यासाठी होता, त्याच्यासाठी नव्हता, म्हणून सांगते.

दिवस ठरला तर त्या दिवशी सुई नको, गोळी नको, वजन करायचं नाही. किडनी फूड उचलून ठेवा आणि इतके महिने जे जे नको म्हणून बाजूला ठेवलं होतं त्यातलं तिला जे हवं ते, हवं तितकं, तुमच्या हाताने द्या.